काचेला हात कोण लावतं

मावशींचा कुणावरच विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. गाडीच्या हँडब्रेकवर त्यांचा बऱ्यापैकी विश्वास होता. तरीही उतारावर व्हॅन उभी केली की त्या मागच्या चाकाला दगड लावायच्या, आणि तो दगड कुणी काढला तर नाही ना, हे बघायला दोनदा खाली यायच्या.

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईला संशय शोभतो, हेही तितकंच खरं. सकाळी चौदा मुलं गोळा करायची आणि संध्याकाळी चौदाच्या चौदा घरी पोचवायची. मावशी मुलं तीनदा मोजायच्या. आत बसवताना एकदा, दार लावल्यावर एकदा आणि गाडी निघाली की आरशातून एकदा. मुलाला उतरवून घ्यायला रोजच्या माणसाऐवजी कुणी नवा चेहरा आला, तर "तुम्ही हिचे कोण? आधी घरी फोन लावा," असं म्हणून त्यांनी खऱ्याखुऱ्या मामांनासुद्धा उन्हात उभं केलेलं होतं. पालक पाठीमागे त्यांना फौजदार म्हणत. हे मावशींना माहीत होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही माहीत होतं.

गाडी आधी त्यांच्या नवऱ्याची. मुलं मावशींना मावशी म्हणत, म्हणून नवरा आपसूक काका झाला. काकांनी तीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही व्हॅन घेतली. दीड वर्षात डाव्या अंगावरून वारं गेलं. हात बराचसा परत आला, पाय आला नाही, आणि क्लच तर डाव्या पायानेच दाबायचा. तेव्हा मावशींनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली. शिकवणारे काकाच. ते शेजारी बसून काठीने दाखवत, ओरडत, कधीकधी हताश होऊन खिडकीबाहेर बघत बसत. ज्या दिवशी मावशींना लायसन मिळालं, त्या दिवशी काकांनी किल्ली त्यांच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत गेले. त्यानंतर चार वर्षांत ते एकदाही पुढच्या सीटवर बसले नव्हते. मावशींनी या दोन्ही गोष्टी मनाच्या कोपऱ्यात नीट घडी घालून ठेवल्या होत्या. माणसाच्या मनात काय चाललंय ते तोंडावरून कळत नाही, हातावरून कळतं, असं त्यांचं मत होतं.

तर काचेचं प्रकरण सुरू झालं ते डागांवरून.

गल्लीतल्या आठ-दहा गाड्या धुणारा एक माणूस होता. पहाटे सहाला बादली आणि फडकी घेऊन यायचा, सातला पसार. त्याने धुतलेल्या काचेवर पांढरे गोल डाग उरायचे, पाण्याचा थेंब वाळल्यावर मागे राहतात तसे. मावशींनी एक दिवस त्याला पकडलं.

"हे काय आहे?"

"मावशी, पाणी टाकीचं. त्यात क्षार आहेत, सुकलं की डाग धरतो," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, तुमच्या काचेला रोज काहीतरी चिकट असतं. ते काढायला पाणी जास्त मारावं लागतं. बाकी गाड्यांना नाही तसं."

"म्हणजे सगळ्या गल्लीत माझीच गाडी तेवढी चिकट?"

"मी आपलं बघितलं ते सांगितलं."

स्वतः केलेल्या डागांचं खापर हा आपल्या गाडीवर फोडतो म्हटल्यावर मावशींनी दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. काच त्या स्वतःच कोरड्या फडक्याने पुसू लागल्या. नवे डाग थांबले. पण आठवडा जातो न जातो तोच दुसरं संकट उभं राहिलं.

थंडीचे दिवस होते, सूर्य लवकर खाली यायचा. शाळा सुटल्यावर शेवटची पाच मुलं सोडायला एका लांब भिंतीच्या कडेने सरळ पश्चिमेला जावं लागे. रस्ता वळला आणि ऊन समोरून काचेवर पडलं की अख्खी काच पांढरी व्हायची. पुढचं काही म्हणून दिसायचं नाही. वायपर मारला तर पांढरं आणखी पसरायचं. मावशी मान वाकडी करून, स्टिअरिंगवर छाती टेकून, बैलगाडीच्या वेगाने ते अर्धा किलोमीटर कसेबसे काढायच्या. आणि एका संध्याकाळी त्या पांढऱ्यातून एकदम एक सायकलवाला निघाला. मावशींनी ब्रेक इतक्या जोरात दाबला, की मागच्या बाकावरची मुलगी पुढच्या सीटवर आपटली आणि तिचा ओठ फुटला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. मावशींनी मुलीचा ओठ रुमालाने दाबून धरला आणि उरलेल्या चौघांना मोजलं. मोजताना आकडा दोनदा चुकला.

मुलीच्या बाबांनी तक्रार केली. करायलाच हवी होती, त्यांच्या जागी मावशी असत्या तर त्यांनी पोलिसात दिली असती. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि आवाज शक्य तितका मऊ ठेवून सांगितलं, की डोळे तपासून दाखला आणा. पुढच्या सोमवारी संध्याकाळी ते बाबा तुमच्या शेजारी बसून पूर्ण फेरी करतील. त्यांचं समाधान झालं नाही, तर ही मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये जातील. दुसरी व्हॅन म्हणजे टोपीवाल्याची. तो फाटकापाशी टोपी तिरकी घालून उभा असायचा, आणि मावशींची मुलंसुद्धा त्याला हात करायची.

मावशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. तक्त्यावरची सगळी अक्षरं धडाधड वाचली. मग त्यांनाच शंका आली. "बाहेर बसले होते तेव्हा दारातून हा तक्ता दिसत होता. पाठ झाला असेल. दुसरा लावा." डॉक्टरांनी दुसरा लावला. तोही वाचला. मोतीबिंदू नाही, काही नाही, नजर चोख, असा दाखला मिळाला.

म्हणजे डोळे ठीक होते. मग काच. आणि काचेत खोट असेल, तर ती कुणीतरी केलेली. मावशींनी डोक्यात यादी केली. पहिलं नाव धुणाऱ्याचं. त्याला कामावरून काढला आणि आठवड्याच्या आत काच आंधळी झाली, याला योगायोग म्हणायला मावशी काही काल जन्मल्या नव्हत्या. दुसरं नाव टोपीवाल्याचं. मुलं कमी झाली तर फायदा कुणाचा? शाळेपाशी गाडी उभी असताना मावशींनी काचेवर जुनी चादर टाकायला सुरुवात केली. टोपीवाल्याने विचारलं, "मावशी, गाडीला थंडी वाजते का?" मावशींनी मनात नोंद केली, की चादरीने हा अस्वस्थ झाला.

शुक्रवारी दुपारी त्या काचवाल्याकडे गेल्या. गाड्यांच्या काचा बसवून त्याच्या बोटांवर बारीक बारीक चरे पडलेले होते. त्याने काचेवर तिरका उजेड टाकला, अंगठा ओला करून घासला, अंगठ्याचा वास घेतला.

"मावशी, इथे दोन गोष्टी आहेत. हे गोल डाग पाण्याचे, जुने. व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं घेऊन, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, जातील. पण त्याच्यावर हा जो थर आहे ना, तो रस्त्याचा नाही. तो कुणीतरी हाताने चोळलाय. बघा, गोल गोल फिरवल्याच्या खुणा."

मावशींनी बघितलं. वर्तुळं होती. एकात एक, मन लावून काढलेली.

"कसला थर?"

"ते नाही कळत. तेल नाही, मेण नाही." त्याने व्हिनेगरच्या पाण्याने ड्रायव्हरच्या बाजूची अर्धी काच लख्ख केली, उरलेली तशीच ठेवली. "आता चादर बिदर टाकू नका. शाळेतून आल्यावर बघा आणि उद्या सकाळी बघा. कुठे गाडी उभी असताना हे होतं, ते आपोआप कळेल."

त्या संध्याकाळी भिंतीच्या कडेचा रस्ता अर्ध्या काचेतून स्वच्छ दिसला. घरी आल्यावर मावशींनी तिरकं वाकून बघितलं, अर्धी काच तशीच लख्ख होती. टोपीवाला सुटला. शनिवारी शाळेला सुट्टी, तरी त्या सकाळी उठल्याबरोबर खाली गेल्या. दोन्ही बाजूंना वर्तुळं होती. ड्रायव्हरच्या बाजूला जरा जास्तच.

म्हणजे गाडी घरासमोर असताना कुणीतरी येत होतं.

रविवारी पहाटे मावशी डोळे मिटून जाग्या राहिल्या. पाचला शेजारची खाट कुरकुरली. काठीचा आवाज स्वयंपाकघरात गेला, थांबला, मग बाहेर गेला. मावशी उठून खिडकीशी उभ्या राहिल्या. खांबावरच्या दिव्याचा उजेड व्हॅनवर पडला होता. काका व्हॅनपाशी गेले, काठी बाजूच्या आरशाला अडकवली, बाहीने काचेवरचं दव पुसलं. मग खिशातून अर्धा कापलेला बटाटा काढला आणि काचेवर चोळायला लागले. एका हाताने गाडीला धरून, गोल गोल, सावकाश. आधी ड्रायव्हरची बाजू. ती झाल्यावर पाय ओढत दुसऱ्या बाजूला गेले, आणि मग परत येऊन ड्रायव्हरची बाजू पुन्हा एकदा.

चोर बाहेरचा निघाला असता, तर त्यांनी खिडकीतूनच गल्ली गोळा केली असती. इथे कुणाला हाक मारणार? टेबलावर ठेवलेली किल्ली त्यांना आठवली, रिकामी राहिलेली पुढची सीट आठवली. यांना मी नको आहे त्या जागेवर, असं त्यांच्या मनाने स्पष्ट शब्दांत म्हटलं. मग त्या पांढऱ्या काचेतून निघालेला सायकलवाला आठवला, मुलीचा ओठ आठवला, आणि त्यांना रडू आलं. काका परत आले तेव्हा त्या पाठ करून झोपल्या होत्या.

दिवसभर त्या मूग गिळून बसल्या. काकांनी दोनदा विचारलं, बरं नाही का? मावशी म्हणाल्या, बरं आहे. संध्याकाळी पाचला त्यांनी साडी बदलली.

"चला, जरा गाडीतून जाऊन येऊ."

"मी? कुठे?"

"चला म्हणते ना."

काकांना पुढच्या सीटवर चढायला वेळ लागला. मावशींनी हात दिला नाही. त्यांनी गाडी काढली. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण मावशींच्या गिअर बदलण्यावर एक शब्द बोलला नाही. भिंतीच्या रस्त्यावर गाडी वळली आणि काच पांढरी झाली. मावशींनी कडेला घेऊन गाडी थांबवली.

"समोर काय दिसतंय?"

काकांनी डोळे बारीक केले, मान इकडे तिकडे केली. "काहीच नाही दिसत गं."

"इथेच तो सायकलवाला होता."

काकांनी हात लांब करून काचेला आतून बोट लावलं, बोट बघितलं, कोरडं होतं. "बाहेरून आहे," ते पुटपुटले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, बटाटा."

"कसला बटाटा?" मावशींनी विचारलं. सगळं माहीत असताना विचारायची त्यांना सवय होती. समोरचा किती सांगतो ते कळतं.

काकांनी सगळं सांगितलं. बसचे वायपर निम्मा वेळ बंदच असत. मग ड्रायव्हर लोक काचेवर कापलेला बटाटा चोळत. पाणी काचेवर थांबत नाही, सरळ ओघळून जातं. थंडीत दवही धरत नाही. मागच्या पावसात वायपर अडकून मावशी एकदा कशाबशा घरी आल्या होत्या, तेव्हापासून काका रोज पहाटे चोळत होते. "तीस वर्षं केलंय मी हे. असं कधी झालं नाही."

"काच उभी असेल बसची, तिच्यावर ऊन असं पसरत नसेल."

"उभी होती, तेही आहे. पण ऊन काय मला लागत नव्हतं? कधीच नाही झालं असं."

"रात्री बस कोण धुवायचं?"

"असायचे धुणारे. एक नंबरचे कामचुकार. मी रोज शिव्या घालायचो त्यांना, की सीटखाली झाडत नाहीत, नुसत्या काचा धुवून पळतात..." काका बोलता बोलता थांबले. तीस वर्षं रोज रात्री आपला बटाटा कुणीतरी धुवून टाकत होतं, म्हणून थरावर थर चढत नव्हता, हे त्यांना आत्ता, निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, भिंतीच्या कडेला बसून कळत होतं. "रोज धुवायचे," ते हळूच म्हणाले. मग त्यांना आणखी काही सुचलं. "आणि आपल्याकडे पण तो होता की. सहाला यायचा. मी पाचला चोळायचो, तो..."

"हो, कळलं," मावशी म्हणाल्या.

तुमच्या काचेला रोज काहीतरी चिकट असतं, असं तो बिचारा सांगत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. मावशींनी गाडी घराकडे वळवली.

घरी येऊन दोघांनी काच साफ केली. व्हिनेगरचं पाणी, ओलं फडकं, दहा मिनिटं, मग स्वच्छ पाणी, मग लगेच कोरडं. काका बाहेरून पुसत होते, मावशी आत बसून बोटाने दाखवत होत्या. काका जीव तोडून पुसत होते. पण मावशींच्या मनातली गाठ सुटली नव्हती. बटाट्याची गोष्ट सगळीकडून नीट बसत होती, आणि इतकं नीट बसणाऱ्या गोष्टीवर त्यांचा भरवसा नसायचा. पावसात ठीक आहे. पण ड्रायव्हरच्या बाजूला दोनदा का?

सोमवारी सकाळी सहाला त्या स्वतः गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. धुणारा आला.

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या. "आणि धुतल्यावर कोरडं पुसत जा."

"चिकट काय होतं, कळलं का मावशी?"

"बटाटा होता."

त्याने पुढे काही विचारलं नाही. मावशींच्या घरात काहीही होऊ शकतं, असं त्याचं आधीपासूनच मत असावं.

संध्याकाळी मुलीचे बाबा शेजारी बसले. हात मांडीवर, नजर कधी मावशींच्या पायांवर तर कधी रस्त्यावर. मावशींनी मुलं तीनदा मोजली, तेव्हा त्यांनीही ओठ हलवत मोजली. भिंतीच्या रस्त्यावर गाडी वळली. ऊन समोरून आलं, मावशींनी ऊन अडवणारी वरची फळी खाली ओढली, आणि त्या उन्हातून रस्ता दिसत राहिला. दिव्याचे खांब, कडेने चाललेली दोन माणसं, एक कुत्रं. मावशींनी कुत्र्यासाठीसुद्धा वेग कमी केला. आपल्या दारापाशी उतरताना बाबा म्हणाले, "मी शाळेत फोन करतो. चालू द्या तुमचं." मग मुलीला कडेवर घेऊन थोडे घुटमळले. "तुम्ही मोजता ते बरं करता." मावशींनी मान हलवली. गाडी पुढे घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपले खांदे आठ दिवसांत पहिल्यांदा खाली आले आहेत.

घरी काका दारातच उभे होते. चहा करून झाकून ठेवलेला होता. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, मावशींच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. दोघं टेबलाशी बसली. अर्धा कप झाल्यावर मावशींना राहवलं नाही.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय. मी गाडी सोडावी म्हणून. रविवारी पहाटे मी खिडकीतून बघितलं तुम्हाला, तेव्हा मला तसंच वाटलं. अजूनही थोडं वाटतंय."

काकांनी कप खाली ठेवला. रागावतील असं मावशींना वाटलं होतं, ते रागावले नाहीत. ते विचार करत होते.

"पहिल्या वर्षी वाटायचं मला तसं," ते म्हणाले. "रोज वाटायचं. तू कुठेतरी थोडी घासावीस गाडी. फार नाही, दिवा फुटेल इतकी. आणि घरी येऊन म्हणावंस, हे आपल्याला जमायचं नाही. मग मी काय करणार होतो कोण जाणे, पाय तर उचलत नाही. पण वाटायचं. संध्याकाळी आवाज आला की मी खिडकीतून आधी गाडी बघायचो, मग तुला."

"आणि मग?"

"मग काय. तू घासलीसच नाहीस."

मावशींनी कप बशीत फिरवला.

"मागच्या पावसात आलीस ना, वायपर अडकला होता तेव्हा," काका म्हणाले. "किल्ली कुलपात बसेना तुझ्या हातून. त्या दिवशी गाडीकडे बघायचं राहूनच गेलं माझं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो आणि बटाटा घेतला. तुझी बाजू दोनदा करायचो, कारण तुला दिसलं पाहिजे."

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली आणि गेली. काकांनी, छे, माझ्या मनात असं कधीच आलं नाही, असं म्हटलं असतं, तर मावशी जन्मभर त्यांच्यावर डोळा ठेवून राहिल्या असत्या. ते तसं म्हणाले नव्हते.

"म्हणजे मला बरोबर वाटत होतं," मावशी म्हणाल्या.

"पहिल्या वर्षी."

"पहिल्या वर्षी," मावशींनी मान्य केलं. राग यायला हवा होता, तो त्यांनी मनात शोधून पाहिला, सापडला नाही. त्यांनी हात पुढे करून काकांचा डावा हात धरला, जो अजून नीट मिटत नसे, आणि चहा पार थंड होईपर्यंत तो सोडला नाही.